पोळपाट-लाटणं घेऊन ओपीडीत

डोंबिवली पूर्वेला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. सासूबाईंनी घरच्या ओट्यावर सुरू केलं, पुढे मी गाळा घेऊन वाढवलं. पहाटे शेगड्या पेटतात, ऑफिसला निघणाऱ्यांचे डबे साडेसातच्या आत बाहेर पडतात आणि संध्याकाळी पुन्हा तेच. हे आधी सांगितलं, कारण फायब्रोमायल्जियाबद्दल, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या माझ्या आजाराबद्दल, मी जे लिहिणार आहे ते सगळं या कामाशी बांधलेलं आहे. माझ्या उपचारांत गोळ्यांचा वाटा लहान होता. मोठा वाटा होता रोजच्या कामाचं, चालण्याचं, विश्रांतीचं माप बसवण्याचा. ते मला फिजिओथेरपीनं आणि ऑक्युपेशनल थेरपीनं, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचारांनी, शिकवलं. ऑक्युपेशनल थेरपी हे नाव तर तोवर माझ्या कानावरूनही गेलं नव्हतं.

सुरुवात मान-खांद्यापासून झाली. पोळ्या लाटणाऱ्या बाईचे खांदे दुखणारच, असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं. मग कंबर धरली. मग मांड्या, पोटऱ्या, बोटांची पेरं. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, कुठलीच जागा सुटली नाही. रात्री पुरेशी झोप होऊनसुद्धा सकाळी अंग ठणकत असायचं आणि डोळा लागलाच नाही असं वाटायचं. बांगड्या मनगटावर सरकल्या तरी कळ यायची, ब्लाउजची बाही काचायची. लेक मागून येऊन गळ्यात पडली की मी अंग चोरायचे, आणि तिचा चेहरा उतरलेला दिसायचा. त्यात विसरभोळेपणा. ‘पाच फुलके, दोन भाकऱ्या, भाजी कमी तिखट’ ही ऑर्डर फोनवरून वहीत उतरेपर्यंत पुसली जायची. वीस वर्षं तोंडी हिशेब ठेवलेल्या बाईला याचं किती भय वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

तपासण्या भरपूर झाल्या. एक्स-रे, मानेचा एमआरआय, रक्ताच्या चाचण्या. मानेला पट्टा मिळाला, कमरेला पट्टा मिळाला, ड जीवनसत्त्वाची पाकिटं आणि बी-१२ ची इंजेक्शनं झाली. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं की रिपोर्ट नॉर्मल आल्यावर मला रडू यायला लागलं. एकानं पाळी जाण्याच्या वयावर ढकललं, दुसऱ्यानं ‘काम बंद करा’ म्हणून सांगितलं. काम बंद केलं तर माझ्यासोबत तीन बायकांच्या चुली थांबतात, हे त्यांच्या खिजगणतीत नव्हतं.

शेवटी ठाण्याच्या एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माणसाच्या शरीराचं चित्र छापलेला कागद पुढे ठेवला आणि गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं तिथे खुणा करायला सांगितल्या. शरीराचे एकोणीस भाग त्यात धरलेले असतात. मग थकवा किती, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, लक्षात राहतं का, यांना शून्य ते तीन असे गुण. पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषांप्रमाणे, अंगावरचे अठरा ठरावीक बिंदू दाबून पाहत आणि त्यातले निदान अकरा दुखले तर निदान होई. २०१० पासून ही गुणांची पद्धत आली. दुखणं किमान तीन महिने टिकलेलं असावं लागतं. रक्ताच्या चाचण्यांत हा आजार सापडत नाही. थायरॉइड, आमवात, ल्युपस अशा दुसऱ्या गोष्टी सोबत आहेत का, हे पाहण्यासाठी त्या करतात. म्हणजे इतके दिवस जे ‘काही नाही’ निघत होतं, त्याचा अर्थ ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असा कधीच नव्हता.

डॉक्टरांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं: “तुमचं दुखणं खरं आहे.” मग समजावलं. सोसायटीत उभ्या गाडीचा अलार्म चोरासाठी असतो, पण एखाद्या गाडीचा इतका हळवा होतो की टपावरून मांजर गेलं तरी बोंबलतो. अलार्म खराच वाजतोय, झोपही खरीच मोडतेय, पण काच फुटलेली नाही. माझ्या बाबतीत मेंदू आणि मज्जारज्जू यांची वेदना ओळखण्याची पातळी अशी हळवी झाली होती. जखमेची वेदना एक, नस दबल्याची किंवा बिघडल्याची दुसरी. ही तिसऱ्या जातीची. वेदनेवर संशोधन करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१७ साली तिला ‘नोसिप्लास्टिक’ असं स्वतंत्र नावही दिलं. शंभरातल्या दोन-तीन माणसांना फायब्रोमायल्जिया असतो, बायकांमध्ये जास्त. म्हणजे आमच्या सोसायटीतसुद्धा आणखी कोणीतरी असणार, आणि तिलाही ‘टेन्शन घेऊ नका’ हेच ऐकवलं जात असणार.

रात्री घ्यायची एक कमी ताकदीची गोळी त्यांनी लिहून दिली आणि स्पष्ट सांगितलं की ती झोपेला आणि वेदनेला थोडा हातभार लावेल, पण एकटीच्या जिवावर काही होणार नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये या आजारासाठीच्या शिफारशी नव्यानं प्रसिद्ध केल्या. त्यांत ठामपणे ‘हे कराच’ असं एकाच उपचाराबद्दल म्हटलं आहे, आणि तो म्हणजे व्यायाम. हे ऐकून मला आधी रागच आला. दिवसभर उभी राहून राबते, त्यावर आणखी व्यायाम? डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: मुंबई महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातली फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची ओपीडी.

फिजिओथेरपी म्हणजे झोपवून मशीन लावणार, शेक देणार, अशी माझी समजूत होती. इथल्या मॅडमनी कुठलंच मशीन काढलं नाही. लांब पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालायला लावलं आणि किती अंतर कापलं, किती दम लागला ते लिहिलं. मग विचारलं, “वाईटात वाईट दिवशी, काहीही झालं तरी, घरापासून किती लांब चालून येता?” मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत. त्या म्हणाल्या, “मग त्याच्या थोडं अलीकडून वळायचं. रोज. चांगल्या दिवशीसुद्धा तिथूनच.”

चांगल्या दिवशीसुद्धा. या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझा आठवडा तोवर असा जायचा. एखाद्या सकाळी खांदा हलका वाटला की साठलेली सगळी कामं मी त्याच दिवशी उपसायचे: डाळी निवडणं, मसाला भाजणं, डबे घासून उन्हात टाकणं, कपाट आवरणं. उद्याचा काय भरवसा, आज होतंय तर करून घ्यावं. अशा दिवसानंतर दोन-तीन दिवस मी अंथरुणात. दुखणाऱ्या प्रत्येकीचं हेच चालतं, हे मला ओपीडीच्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. शेजारी जी बसेल ती हेच सांगायची. या चढ-उतारात शरीर एकूण कमकुवत होत जातं, मग आणखी कमी कामानं दुखू लागतं आणि पुढचा चांगला दिवस आणखी लांब जातो. त्यावर उपाय म्हणजे वाईट दिवशीही जमेल इतकंच माप रोज ठेवायचं आणि ते अंगवळणी पडलं की थोडंसंच वाढवायचं. वाईट दिवशी चालायला बाहेर पडणं अवघड असतं हे कोणीही मान्य करेल. पण माझ्या अनुभवात त्याहून अवघड आहे ते पाय मोकळे झालेले असताना, हवा छान असताना, भाजीवाल्याच्या अलीकडून मागे वळणं.

चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला दम पुरता कामा नये, ही वेगाची खूण त्यांनी दिली. दुसरी खूण दुखण्याची. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर आलं, तर घाबरायचं नाही, तेवढंच चालू ठेवायचं. त्यापुढेही रेंगाळलं तर एक पायरी खाली उतरायचं, पण बंद करायचं नाही. पहिले काही आठवडे दुखणं खरंच वाढलं. ते वाढेल असं आधी सांगितलेलं नसतं तर मी सोडून दिलं असतं, आणि बऱ्याच जणी इथेच सोडतात.

चालण्याबरोबर ताकदीचे व्यायाम आले. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला तळवे टेकून अंग ढकलणं, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं. सुरुवात अगदी मोजक्या वेळांनी. मी विचारलं की परात उचलून, कणीक तिंबून माझे हात रोजच झिजतात, मग हे कशाला? मॅडमनी दिलेलं उत्तर मला फार पटलं. भरलेली परात उचलायला स्नायूची जवळजवळ सगळी ताकद लागत असेल तर प्रत्येक परात त्याला जड जाणार. ताकद वाढली की तीच परात त्याच्या निम्म्याच ताकदीत उचलली जाईल. परातीचं वजन तर मला कमी करता येणार नव्हतं. शेकाबद्दल त्या म्हणाल्या, “बरं वाटत असेल तर घरी जरूर घ्या. इथला वेळ त्यात घालवू नका.”

आता ऑक्युपेशनल थेरपीबद्दल. हा विभाग मुंबईला नवा नाही. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं आशियातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. त्या जन्मानं अमेरिकन, लग्नानं इथल्या झाल्या आणि भारतात या विद्येचा पाया त्यांनी घातला. लोकलनं तास-सव्वा तासाच्या अंतरावर सत्तर वर्षांहून जास्त काळ ही सोय आहे, आणि तरी इतकी वर्षं दुखणं घेऊन फिरताना मला कोणीही तिथे पाठवलं नाही, याची खंत मला अजून वाटते. उपनगरात फिजिओथेरपीच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधायला गेलात तर बहुतेक लहान मुलांसाठीचे मिळतात. मोठ्यांच्या दुखण्यासाठी मोठी सरकारी किंवा महापालिकेची रुग्णालयंच गाठावी लागतात.

विभागात शिरले तेव्हा एका टेबलाशी अर्धांगवायू झालेले एक आजोबा शर्टाची बटणं लावायचा सराव करत होते. थेरपिस्ट मॅडम माझ्याहून वयानं बऱ्याच लहान, पण मला ‘काकू’ न म्हणता ‘ताई’ म्हणाल्या. कुठे दुखतं हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, “काय करायचं आहे, जे आता करता येत नाही?” कॅनडातल्या थेरपिस्टांनी बनवलेली एक मुलाखतीची पद्धत त्या वापरतात. आपल्याला महत्त्वाची वाटणारी पाचेक कामं आपणच निवडायची, मग आज ते काम किती जमतं आणि जे जमतं त्यावर आपण किती समाधानी, याला एक ते दहा गुण द्यायचे. काही महिन्यांनी पुन्हा गुण द्यायचे. दोन गुणांची वाढसुद्धा खरी सुधारणा धरतात.

मी पोळ्या लाटणं सांगितलं, अंबाडा घालणं सांगितलं (हात डोक्यामागे जाऊन टिकत नव्हते), संध्याकाळचा हिशेब, लोकलनं ठाण्याला बहिणीकडे जाणं. पाचवं सुचेना. बराच वेळ गेल्यावर तोंडातून निघालं, भजनात टाळ वाजवणं. मंडळात मी लग्न होऊन आले तेव्हापासून टाळ धरत होते आणि दुखण्यापायी ते गपचूप सोडलं होतं. मॅडमनी ते इतरांच्याच रांगेत लिहिलं. टाळाचा प्रश्नही त्यांनी पोळ्यांइतकाच नेटानं सोडवला, पण ते पुढे.

“पुढच्या वेळी पोळपाट-लाटणं आणि भिजवलेली कणीक घेऊन या,” त्या म्हणाल्या. मी घेऊन गेले. ओपीडीतल्या टेबलावर पोळपाट मांडून मी घडीच्या पोळ्या लाटल्या आणि मॅडमनी माझ्याच फोनवर बाजूनं आणि मागून व्हिडिओ काढला. मग तो मला दाखवला. आयुष्यभर जे काम केलं ते मी पहिल्यांदाच बाहेरून बघत होते. लाटणं पुढे रेटताना दोन्ही खांदे कानांपर्यंत चढलेले. श्वास रोखलेला, तो थेट पोळी पालटतानाच सुटायचा. बोटांनी लाटणं आवळून धरलेलं, अंगठ्यांवर सगळा जोर. उजवी टाच जमिनीवरून उचललेली.

टेबलाची उंची त्यांनी मोजली आणि केंद्रातल्या ओट्याचीही विचारली. आमचा कडप्प्याचा ओटा नेहमीच्या उंचीचा आहे, त्यावर पोळपाट ठेवला की लाटायची जागा माझ्या कोपराच्याही वर जाते. बेताचा जोर लागतो तिथे काम कोपराच्या खाली हवं आणि कणीक मळण्यासारख्या जोराच्या कामाला त्याहून खाली, म्हणजे हातांऐवजी अंगाचा भार कामी येतो. लोखंडी फॅब्रिकेशनवाल्याकडून त्या मापाचं बुटकं टेबल करून घेतलं. पायाखाली एक पाट ठेवला, त्यावर आलटून पालटून एक पाय. लाटण्यावर मुठी आवळण्याऐवजी तळहात सपाट ठेवून फिरवायचं. कणीक आणखी सैल भिजवून झाकून मुरू द्यायची, म्हणजे लाटायला जोर कमी लागतो. हे तर सासूबाईही सांगायच्या, पण घाईत मुरायला वेळच ठेवला जात नव्हता. आता मुरण्याचा वेळ कामाच्या क्रमातच बसवला आहे. कणीक मळायचं मशीन घ्यावं की नाही यावर माझं बरेच दिवस ठरत नव्हतं, कारण हातच्या कणकेच्या पोळीवर आमचं नाव आहे. शेवटी मळायला मशीन आणि तेलाचा हात लावून शेवटचं तिंबणं हातानं, असं ठरलं. गिऱ्हाइकांपैकी कोणालाही फरक जाणवला नाही.

सगळ्यांत मोठा बदल मात्र टेबलाचा नाही, टायमरचा. आम्ही चौघी आहोत. पूर्वी मी फक्त लाटायचे, एक मावशी भाजायच्या, बाकीच्या दोघी भाजी आणि डबे. आता वीस मिनिटांनी घंटा होते आणि जागा बदलतात. लाटणारी डबे भरायला, डबे भरणारी भाजायला. मावशींना हे अजिबात मान्य नव्हतं. “हात बसला की हलू नये ताई, लय जाते,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. पहिल्या दिवसांत डबे उशिरा गेलेच. पण मुद्दा असा होता की दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, घंटा झाल्यावर थांबायचं. दुखायला लागल्यावर थांबलं की आधीच उशीर झालेला असतो, शिवाय सगळं लक्ष दुखण्याकडे लागून राहतं. घंटेनं थांबलं की लक्ष कामात राहतं. बरं वाटत असतानाही जागा सोडायची, हे भाजीवाल्याच्या अलीकडून वळण्यासारखंच, फक्त गाळ्यात. आता मावशीच आधी म्हणतात, “घंटा झाली, उठा.”

बाकीचे बदल पटापट सांगते. ऑर्डरी लक्षात ठेवायचा प्रयत्न सोडला. फोन घेतानाच भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या. मोठं पातेलं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. एका हातात जड पिशवी धरण्यापेक्षा पाठीवरची सॅक. कुकर दोन्ही बाजूंना कड्या असलेला. दुपारची लांब झोप बंद आणि सकाळी उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच. त्वचेच्या हळवेपणासाठी आधी मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग जरा खरखरीत काहीतरी असं रोज थोडा वेळ हातावरून फिरवायचं. बांगड्या पुन्हा घालते आहे. टाळ मात्र आधीचे पितळी जड होते, ते बदलून लहान घेतले. मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची, आणि दोन अभंग वाजवले की एक अभंग नुसता म्हणायचा.

लोकलचं पूर्ण सुटलं नाही. गर्दीच्या वेळा टाळते, पार्टिशनला पाठ टेकून उभी राहते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यांत फायब्रोमायल्जिया नाही. त्यामुळे अपंगांच्या डब्यात मला जागा नाही, आणि धडधाकट दिसणाऱ्या बाईनं लेडीज डब्यात बसायला जागा मागितली की काय नजरा येतात ते त्या डब्यातून जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तरी मागते. थेरपिस्ट मॅडमनी ते वाक्यही माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं: “मला दुखण्याचा आजार आहे, ठाण्यापर्यंत बसू द्याल का?” बहुतेक बायका सरकतात.

घरच्यांना त्यांनी एकदा बोलावून घेतलं. हे आणि सासूबाई दोघंही आले. आमच्या घरी प्रत्येकजण दिवसातून कितीदा तरी विचारायचा, “आता कसंय? दुखतंय का?” प्रेमानंच. मॅडम म्हणाल्या, ते विचारू नका, “आज काय काय केलंस?” असं विचारा. आणि ‘मदत करू का’ हा प्रश्नही नको, कारण त्याला मी नेहमी ‘नको’ म्हणते. कामं वाटूनच टाका. भांडी वरच्या फळीवरून काढणं, सिलिंडर बदलणं, रात्रीचा कुकर यांच्याकडे. लसूण सोलणं आणि खोबरं खोवणं आईंकडे. आईंना वाटत होतं की सून आराम मागते आहे. व्हिडिओ त्यांनीही पाहिला. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाल्या, “खांदे असे चढतात हे मला माहीत असतं तर ओटा मीच बुटका केला असता.” त्या दिवसापासून त्यांनी या विषयावर मला एकदाही बोल लावलेला नाही.

खरी परीक्षा गणपतीत. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी म्हणजे बोटांचं काम, पाऱ्या करायच्या, कळ्या काढायच्या, तेही दोन दिवसांत सगळं. मॅडमबरोबर आधीच बसून आखणी केली. किती मोदक घ्यायचे याचा आकडा ऑर्डरी सुरू होण्याआधी फळ्यावर लिहिला, तो भरल्यावर फोनवर नाही म्हणायचं. सारण आदल्या दिवशी. उकड मळायला दुसरी. कळ्या काढताना कोपर टेबलावर टेकलेले. चतुर्थी नीट पार पडली आणि तरी तिसऱ्या दिवशी अंग धरलंच. आखणी केली म्हणून दुखणं उसळणार नाही असं या आजारात नसतं. पाऊस, जागरण, घरातली काळजी, कधी काहीच कारण नाही. त्यासाठी एक कागद आधीच लिहून फ्रिजवर लावलेला होता, बरी असताना माझ्याच हातानं लिहिलेला: चालणं बंद नाही, निम्मं. ताकदीचे व्यायाम दोन दिवस थांबवून फक्त ताणाचे. गरम पाण्यानं अंघोळ. उठायची वेळ तीच. केंद्रात डबे भरायची जागा. डॉक्टरांना फोन कधी करायचा तेही त्यात आहे: ताप आला, एखादा सांधा सुजला, हातापायातली ताकद गेली किंवा दुखणं नेहमीपेक्षा वेगळंच वाटलं तर. कारण फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाला दुसरा आजारही होऊ शकतो, आणि प्रत्येक कळ त्याच्याच नावावर टाकणं धोक्याचं आहे. त्या कागदाप्रमाणे वागले आणि आठवडाभरात चालण्याच्या जुन्या मापावर परत आले. पूर्वी एवढ्या कामानंतर महिना जायचा.

दुखणं गेलेलं नाही. ते रोज असतं, कमी-जास्त. रात्रीची गोळी चालू आहे आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी हलवत नाही. पण पुन्हा गुण दिले तेव्हा पोळ्या तीनवरून सातवर होत्या, अंबाडा आठवर, हिशेब सहावर. लोकल दोनवरून तीनच. टाळ नऊ. चालणं भाजीवाल्याच्या अलीकडून सुरू झालं ते आता फडके रोडवरच्या गणेश मंदिरापर्यंत आणि परत असं झालं आहे. दिवाळीच्या फराळात चकली घ्यायची की नाही हे या वर्षी अजून ठरायचं आहे. सोऱ्या दाबणं माझ्या हातांना झेपत नाही. यंत्रावरची चकली मला पसंत नाही, म्हणून मॅडमना सोऱ्या नेऊन दाखवणार आहे.

ज्यांना असं जायचं असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते, जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आठवडाभराचा दिवसक्रम तासागणिक लिहून नेलात तर पहिल्याच भेटीचा बराच वेळ वाचतो. दुखणं नका लिहू, काय केलं ते लिहा. तुमचं जे काम असेल त्याचं हत्यार न्यायला लाजू नका, कात्री असो, शिवणयंत्राची खुर्ची असो की लॅपटॉप. न्यायजोगं नसेल तर काम करतानाचा व्हिडिओ कोणाकडून तरी बाजूनं काढून घ्या, समोरून काढलेल्यात खांदे दिसत नाहीत. आणि घरातलं जे माणूस ‘हिला काही झालेलं नाही’ म्हणत असेल, त्यालाच सोबत घेऊन जा.